मारुतीच्या कुठवर?

नाशकात पाणी फुटांत मोजत नाहीत,
मारुतीत मोजतात.
घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत,
आणि गळ्याला लागलं की
भांडीबाजारातली पातेली आपसूक माळ्यावर चढतात.

त्या रात्री साडेअकराला डेस्कवर फोटो आला.
दुतोंड्या मारुती, गळ्याएवढं पाणी.
खाली मजकूर: 'आत्ताचा आहे. सगळ्यांना पाठवा.'
मला तो सहा ग्रुपांतून आला,
मग माहेरच्या ग्रुपातून,
मग संपादकांकडून, नुसतं एक प्रश्नचिन्ह लावून.

धरणावर फोन लावला. एंगेज.
पंचवटीचा बातमीदार म्हणाला, 'मॅडम, मी जेलरोडला आहे,
पण इकडेही सगळे तेच म्हणतायत.'
सगळे म्हणजे कोण?
'ग्रुपवर.'
ग्रुपवर कुणी सांगितलं?
'आपल्याच वेबसाइटवर आहे म्हणे.'
वेबसाइट उघडली. होतं.
आमच्याच पोरानं, शेजारच्या खुर्चीवरून,
वीस मिनिटांपूर्वी टाकलेलं:
'गोदेला पूर? सोशल मीडियावर फोटो व्हायरल.'
कशावरून रे?
त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला.
तोच फोटो. तेच ग्रुप.

पान सोडायला नऊ मिनिटं होती.
मी प्रश्नचिन्ह राहू दिलं.
एवढंच केलं मी, लिहून ठेवते:
बहात्तर पॉइंटाच्या मथळ्याशेवटी
ते विळ्यासारखं वाकडं चिन्ह ठेवलं
आणि हात झटकले.

पहाटे साडेचारला शालिमारला गठ्ठे सुटले.
पाचला कुणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढला.
प्रश्नचिन्ह अगदी कडेला होतं,
कापताना गेलं.
'बघा, आता तर पेपरातही आलंय.'

विलास तांबटांनी ते वाचलं
आणि हंडे, बंब, घंगाळं एकट्यानं वर चढवली.
शेवटच्या घंगाळासकट जिन्यावरून खाली आले.
मनगट मोडलं.
हे कुठल्या ग्रुपवर फिरलं नाही.
आमच्याकडेही आलं नाही.

सव्वासहाला गायधनींचा फोन.
आमचे जुने फोटोग्राफर, निवृत्त होऊन सात वर्षं झाली.
'छपाई चांगली आलीय,' म्हणाले. 'फोटो माझाच आहे.
त्या पुरात होळकर पुलावरून काढलेला,
मागून शिपायानं शर्ट धरला होता माझा.
खाली बारीक अक्षरात नाव छापलं होतं तुम्ही.
तेवढं कुणी कापलंय.'
मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'डाव्या कोपऱ्यात पिंपळाची फांदी आहे बघ.
तो पिंपळ तोडून चार वर्षं झाली.
तू तर रोज तिथूनच येतेस ना?'

मी रामकुंडावर गेले.
पाणी मारुतीच्या घोट्याला.
एक तोंड इकडे, एक तिकडे.
लहानपणी वाटायचं, दोन तोंडं म्हणजे
त्याला दुप्पट दिसत असणार.
आज बघत उभी राहिले.
दगड एकच, शेंदूर एकच.
हे तोंड म्हणतं, त्यानं पाहिलंय;
ते म्हणतं, ह्यानं.
मान वळवायची सोय दोघांनाही नाही.

पूर बघायला माणसं जमली होती.
पूर नव्हता, तरी कुणी घरी जाईना.
एक बाई फुलांची टोपली पायऱ्यांवरून वर नेत होती,
तिला विचारलं, कशाला नेताय?
'येणार आहे म्हणतात,' ती म्हणाली. 'तुम्ही पेपर नाही वाचत?'

संध्याकाळी डेस्कवर फोटो आला:
'पूर पाहण्यासाठी रामकुंडावर नाशिककरांची गर्दी.'
तिसऱ्या रांगेत, निळी ओढणी, हातात हेल्मेट,
मी.
गर्दी खरी होती. फोटो आजचाच होता.
'मॅडम, हा तरी सोडू ना?' पोरगा म्हणाला.

मी धरणाचा नंबर पुन्हा फिरवला.